दस्तरखान आणि वेस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेतील एक पुष्प मी गुंफावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाकडून झाली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. मंडळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्यास माझ्याहून अधिकारी मंडळी या सभागृहात बसलेली आहेत. साहित्य-संगीताच्या प्रांतात मी केवळ एक बी. ए. झालेला वाचक आणि श्रोता आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला एकच विषय अनुभवाने ठाऊक असतो, आणि तो म्हणजे परक्या गावी जाऊन बिऱ्हाड थाटणे. त्या विषयाचाच एक लहानसा भाग मी आज आपल्यापुढे मांडणार आहे : परक्या शहरात, घराबाहेर, मित्रांच्या सोबतीने घेतलेले संध्याकाळचे जेवण. या भाषणानंतर भोजनाची व्यवस्था आहे याची मला पूर्ण जाणीव आहे; त्यामुळे पाल्हाळ टाळण्याचा शक्य तितका यत्न करीन.

विलायतेत गल्लोगल्ली 'पब' असतात, हे आपण इंग्रजी कादंबऱ्यांतून वाचतो. 'पब' हा 'पब्लिक हाऊस' या जोडशब्दाचा संक्षेप होय. मराठीत त्याचे सरळ भाषांतर 'सार्वजनिक घर' असे करता येईल. त्यातील मद्याचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर मूळ कल्पना मोठी मनोज्ञ आहे. दिवसभराचे काम आटोपलेल्या माणसाला स्वतःच्या घराखेरीज आणखी एक घर असावे. तेथे ओळखीचे चेहरे दिसावेत, चार घास खाता यावेत, देशाच्या राजकारणापासून शेजारच्या मांजरापर्यंत कशावरही बोलता यावे, आणि नवखा कोणी आत आला तरी त्याला बसावयास जागा मिळावी.

गंमत अशी की, 'सार्वजनिक' हा शब्द आपल्या महाराष्ट्राचा मोठा लाडका. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. पुढे सार्वजनिक गणेशोत्सव आला. सार्वजनिक वाचनालये तर तालुक्यातालुक्यांतून निघाली. सभा, उत्सव, पुस्तके हे सारे आपण सार्वजनिक केले. जेवण मात्र दीर्घकाळ घराच्या उंबऱ्याआडच राहिले. लग्नमुंजीची पंगत मोठी असते, पण तिला आमंत्रण लागते. शिवाय कोणाच्या पंक्तीला कोणी बसावे याचे नियम आपल्या समाजाने किती निष्ठुरपणे पाळले, ते येथे सविस्तर सांगण्याची आवश्यकता नाही. खाणावळ सर्वांना खुली खरी, परंतु तेथे माणूस पोट भरावयास जातो आणि भरले की उठतो, कारण पाठीशी दुसरा ताटकळत असतो. मुंबईत इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासभर बसता येई. पण ते सार्वजनिक घरही आपल्यासाठी समुद्रापलीकडून आलेल्या माणसांनी उभारले होते.

अशा संस्कारात वाढलेला मराठी माणूस पुष्पक एक्सप्रेसने लखनौच्या स्थानकावर उतरतो. पहिल्या आठवड्यातच कार्यालयातील कोणीतरी त्याला विचारतो, "आज शाम को चौक चलिएगा?" आमच्या नायकाची धांदल उडते. घरी कुकर लावलेला असतो. निमंत्रणाचे कारण त्याला समजत नाही. बढती झाली आहे काय, मुलाचे लग्न आहे काय, असे तो विचारू लागतो. लखनौकराला या प्रश्नांचाच अचंबा वाटतो. संध्याकाळ झाली, हे कारण त्याला पुरेसे असते.

या शहराच्या जेवणाचे मूळ दस्तरखानात आहे. दस्तरखान म्हणजे भोजनासाठी पसरलेले वस्त्र. त्याच्या भोवती माणसे बसतात, मध्ये सामायिक भांडी ठेवतात. पाट आणि पान यांची आपली रीत सुंदर आहे, परंतु त्यात पाहुणे मोजून पाट मांडावे लागतात. अंथरलेल्या वस्त्राभोवती बसलेली माणसे मात्र थोडी सरकली की आणखी एकाची सोय होते. या दोन रीतींतील फरक मला वरवरचा वाटत नाही. आयत्या वेळी आलेल्या माणसाला सामावून घेण्याची सवय त्या बैठकीतच आहे.

नवाब आसफउद्दौलाने १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. त्याच्या औदार्याबद्दल, ज्याला देव देत नाही त्याला आसफउद्दौला देतो, अशा अर्थाची म्हणच येथे रूढ झाली. १७८४ च्या दुष्काळात बड्या इमामबाड्याचे बांधकाम काढून त्याने हजारो लोकांना काम आणि अन्न दिले. त्या मजुरांसाठी मोठमोठ्या हंड्यांची तोंडे कणकेने बंद करून मंद आचेवर अन्न शिजविले जाई, आणि त्यातूनच 'दमपुख्त' पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली, अशी परंपरेने सांगितलेली कथा आहे. पाकशास्त्राच्या इतिहासकारांनी तिची हवी तेवढी छाननी करावी. मला त्यात एवढेच मोलाचे वाटते की, आपल्या खास पक्वान्नांचा उगम हे शहर दुष्काळपीडितांच्या अन्नछत्रात शोधते.

अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौविषयी लिहिलेल्या ग्रंथात याच नवाबाची एक आख्यायिका नोंदविली आहे. नोकरी मागावयास आलेल्या एका आचाऱ्याने सांगितले की, मी फक्त उडदाची डाळ करतो. वेतन किती, तर पाचशे रुपये! वर अट अशी की, डाळ तयार झाली असे मी कळविताच खाविंदांनी येऊन बसले पाहिजे. अट मान्य झाली. काही महिन्यांनी डाळीची आज्ञा झाली. आचाऱ्याने दोनतीनदा निरोप पाठविले. नवाब गप्पांत रंगले होते. तेव्हा त्या मानी आचाऱ्याने डाळीचे भांडे एका वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी ओतले आणि तो चालता झाला. पुढे त्या झाडाला पालवी फुटली म्हणतात! पालवीचे राहू द्या. परंतु 'एवढी फाईल हातावेगळी करतो आणि येतो' असे घरी कळवून तासाभराने उगवणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांनी ही गोष्ट चौकटीत घालून मेजासमोर टांगावी, अशी तिची योग्यता आहे. बोलावणे आल्यावर वेळेवर येऊन बसणे हा पाहुण्याने करावयाचा सत्कार होय.

आता त्या चौकातील संध्याकाळीकडे वळतो. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजाकडे चालत गेले की दोन्ही बाजूंनी सुवास वाटेत आडवे येतात. एकीकडे अत्तर, दुसरीकडे केशर-दुधात मळलेल्या शीरमालीचा भाजका वास. अकबरी दरवाजाजवळ १९०५ पासून चालत आलेले टुंडे कबाबींचे दुकान आहे. त्याचे संस्थापक हाजी मुराद अली यांना एकच हात होता, म्हणून 'टुंडे' हे नाव पडले. शारीरिक उणीव दाखविणारा तो शब्द त्यांच्या कसबाने सन्मानाचे बिरुद करून टाकला. कच्च्या पपईने मऊ केलेला तो गलावटी कबाब, दात पडलेल्या एका नवाबासाठी निर्माण झाला अशी दंतकथा आहे. 'दंतकथा' हा शब्द येथे अक्षरशः लागू पडतो!

आपल्यापैकी शाकाहारी मंडळींच्या चेहऱ्यावरील भाव मला येथून दिसत आहेत. त्यांच्यासाठी लखनौने काही कमी केलेले नाही. हजरतगंजात बटाट्याच्या कुरकुरीत टोपलीत भरलेली चाट आहे, अमीनाबादेत फालुद्यासह कुल्फी आहे, लालबागेत लोण्याचा बन आणि चहा आहे. थंडीत गोल दरवाजापाशी मलई-मक्खनाच्या पराती दिसतात. दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळतात, आणि त्याचा फेस केशर घालून विकतात. ऊन चढले की तो विरू लागतो. श्रीखंडाला चक्क्याचा भक्कम आधार असतो. या पदार्थाला थंडीखेरीज कशाचाच आधार नाही. युनेस्कोने २०२५ मध्ये लखनौला पाककलेसाठी सर्जनशील नगरांच्या यादीत स्थान दिले, त्यामागे अशा कित्येक अनामिक हातांची पुण्याई आहे.

मी येथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ हिशेबनीसांनी आम्हा चौघा परप्रांतीयांना चौकात नेले. मी मांसाहार करीत नाही, हे त्यांनी माझ्या शिपायाकडून आधीच विचारून घेतले होते. प्रथम शाकाहारी दुकानात बसवून माझे जेवण पुरे होईपर्यंत त्यांनी आपल्या पुढ्यातील ताटाला हात लावला नाही, आणि मगच बाकीच्यांना घेऊन ते कबाबांकडे वळले. त्याबद्दल एक शब्दही बोलले गेला नाही. 'पहले आप' या दोन शब्दांची जगाने पुष्कळ थट्टा केली आहे. गाडी निघून जाईपर्यंत एकमेकांना आधी चढण्याचा आग्रह करणाऱ्या दोन नवाबांची कथा आपणही सांगतो. परंतु त्या शिष्टाचाराचा प्रत्यक्ष व्यवहारात अर्थ काय, हे मला त्या रात्री उमगले. पाहुण्याची अडचण त्याने बोलून दाखविण्यापूर्वी दूर करावी, आणि दूर केल्याचे त्याला जाणवू देऊ नये.

लखनौचे खरेखुरे 'सार्वजनिक घर' मात्र हजरतगंजातील कॉफी हाऊस होय. या संस्थेचे मूळ आपल्या मुंबईत आहे. कॉफीचा खप वाढावा म्हणून त्या काळच्या कॉफी मंडळाने १९३६ मध्ये चर्चगेटला पहिले कॉफी हाऊस उघडले आणि मग ती देशभर पसरली. १९५० नंतरच्या दशकात मंडळाने ती बंद करण्यास प्रारंभ केला, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती चालविण्यास घेतली. लखनौच्या कॉफी हाऊसात यशपाल, भगवतीचरण वर्मा, अमृतलाल नागर यांच्यासारखे लेखक बसत, डॉ. राममनोहर लोहिया, चंद्रशेखर यांच्यासारखे राजकारणी येत. विद्यार्थी, वकील, पत्रकार आणि बेकार यांची उपस्थिती तर नित्याचीच. एका पेल्यावर किती वेळ बसावे याला मर्यादा नव्हती. समाजवादी आणि साम्यवादी शेजारशेजारच्या मेजांवरून एकमेकांचे वाभाडे काढीत आणि बिल देताना आग्रहाने भांडत.

या अमृतलाल नागरांचे आपल्यावर एक ऋण आहे. चित्रपटांच्या निमित्ताने ते मुंबईत आणि कोल्हापुरात राहिले. विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या 'माझा प्रवास' या सत्तावन्नच्या वृत्तांताचा त्यांनी हिंदी अनुवाद केला. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आलेला आणि वाटेत कोणाकोणाच्या ओसरीवर जेवत बंडाच्या धामधुमीतून परतलेला वरसईचा तो भिक्षुक लखनौच्या चौकात राहणाऱ्या लेखकाने हिंदी वाचकांच्या घरी नेऊन बसविला.

लखनौने आपल्या माणसांना दिलेली जागाही लहान नव्हती. पंडित विष्णु नारायण भातखंडे वाळकेश्वरचे. परंतु त्यांच्या कल्पनेतील संगीत महाविद्यालय १९२६ मध्ये येथे, राय उमानाथ बली आणि नवाब अली यांच्यासारख्या अवधच्या रसिकांच्या साहाय्याने उभे राहिले. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याची धुरा वाहिली. बैलहोंगलचे कृष्ण गुंडोपंत गिंडे अकरा वर्षांचे असताना, १९३६ मध्ये, रातंजनकरांकडे येऊन त्यांच्या घरी राहिले आणि त्या घरातील एक झाले. वाढत्या वयाच्या विद्यार्थ्याला पोटच्या मुलासारखे वाढणे हाही संगीताच्या इतिहासाचा एक भाग आहे. तो ग्रंथांत एका ओळीत येतो, आणि घरातील गृहिणीचे नाव त्या ओळीत बहुधा नसते.

येथवर मी लखनौची स्तुतीच केली. परंतु या शहराच्या मैफलींची एक रात्र अशी आहे की, तिचा उल्लेख टाळून हा विषय प्रामाणिकपणे पुरा करता येणार नाही.

असरार-उल-हक 'मजाज' यांचे नाव आपण ऐकले असेल. रुदौलीत १९११ मध्ये जन्मलेले हे शायर अलीगढच्या विद्यापीठात शिकले. त्या विद्यापीठाचे गीत त्यांच्याच काव्यातून घेतलेले आहे. १९३८ मध्ये त्यांचा 'आहंग' हा संग्रह निघाला आणि तरुण पिढीने तो डोक्यावर घेतला. हजरतगंजच्या कॉफी हाऊसात मजाज ज्या मेजावर बसत त्याभोवती खुर्च्या कमी पडत. त्यांच्या विनोदांचे किस्से अजून सांगितले जातात. मद्याचे व्यसन मात्र त्यांना जडले होते आणि मनाचे आजारही त्यांनी सोसले होते. डिसेंबर १९५५ च्या आरंभी लखनौत उर्दू साहित्यिकांचा मेळावा भरला होता. त्या दिवसांतील एका रात्री मजाज मित्रमंडळींसह लालबागेतील एका दारूच्या गुत्त्याच्या गच्चीवर बसले. रात्र चढत गेली, थंडी वाढत गेली, आणि सोबतची मंडळी एकेक करून उठून गेली. गच्चीवर मजाज एकटे राहिले. सकाळी ते तेथे बेशुद्धावस्थेत सापडले. त्यांना बलरामपूर रुग्णालयात नेण्यात आले, आणि ५ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे चव्वेचाळीस.

मी उल्लेखिलेले ज्येष्ठ हिशेबनीस जेवणानंतर आम्हा प्रत्येकाला रिक्षात बसवीत, रिक्षावाल्याला पत्ता नीट समजला की नाही हे दोनदा विचारीत, आणि घरी पोचल्याचा निरोप आल्याखेरीज झोपत नसत. आम्ही चाळिशी ओलांडलेली माणसे. आम्हांला त्याचे हसू येई. एकदा मी त्यांना छेडले, तेव्हा त्यांनी मजाज यांची ही हकीकत सांगितली. त्यांच्या वडिलांनी ती त्यांना सांगितली होती आणि सोबत एक घरगुती नियम घालून दिला होता : सोबत बसलेला शेवटचा माणूस घरी पोचेपर्यंत बैठक संपली असे समजू नये.

मजाज यांच्या व्यसनाचे समर्थन मी करीत नाही. त्यांच्या मित्रांवर आरोपपत्र ठेवण्याचा अधिकारही मला नाही. प्रत्येकाने, कोणीतरी मागे थांबलेच असेल, असे मानले असणे शक्य आहे. आपणही समारंभातून निघताना असेच मानतो. तथापि त्या रात्रीत आतिथ्याविषयीचा एक कठोर धडा आहे. माणसाला मेजावर जागा देणे सोपे असते. तो विनोदी आहे, कीर्तिमान आहे, त्याच्या सहवासात आपली संध्याकाळ उजळते, तोवर जागा देणारे पुष्कळ मिळतात. त्याचे बोलणे अडखळू लागल्यावर, रात्र थंड झाल्यावर, त्याचा हात धरून जिना उतरविणारा एकजण लागतो.

या संदर्भात आपल्या खेड्यांतील एक जुनी रीत मला आठवते. पाहुणा निघाला की यजमान त्याला वेशीपर्यंत पोचवावयास जाई. हातात शिदोरीचे गाठोडे, पुढे कंदील, आणि वेशीपाशी 'पोचल्याचे पत्र टाका' हा निरोप. त्या निरोपात साऱ्या प्रवासाची काळजी असे. लखनौच्या दस्तरखानापासून आपण बसावयास जागा करून देणे शिकावे. वेशीपर्यंत जाणे आपल्या घरचेच आहे, ते विसरू नये. अवधच्या जुन्या घराण्यांतही पाहुण्याला दाराबाहेर वाहनापर्यंत सोडण्याची पद्धत आहेच. रीती दोन्हीकडे आहेत; शहराच्या घाईत त्या दोन्हीकडे क्षीण होत आहेत.

आता मंडळाविषयी दोन शब्द. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, त्यांनी परमुलखात मराठी माणसासाठी एक सार्वजनिक घरच उघडले होते. गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू, कोजागिरी हे सारे आपण निष्ठेने करतो आणि ते झालेच पाहिजे. परंतु उत्सवाला आमंत्रण जाते ते यादीतील सभासदांना. पुण्याहून किंवा नागपूरहून प्रशिक्षणासाठी आलेला, भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा एकवीस वर्षांचा मुलगा त्या यादीत नसतो. निवृत्तीनंतर येथेच राहिलेले, जोडीदार गमावलेले, मुले परदेशी असलेले वृद्ध सभासद यादीत असतात, पण रात्री सभागृहातून घरी जावे कसे या चिंतेने ते येत नाहीत. आपण त्यांच्या अनुपस्थितीची नोंद घेतो आणि इतिवृत्त कायम करतो.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. महिन्यातून एक संध्याकाळ साध्या जेवणाची ठेवावी. भाषण नको, हार नको, वर्गणी नको; पिठले-भात आणि सोबत लखनौची शीरमाल असली तरी पुरे. प्रत्येक सभासदाने शक्य तेव्हा एक लखनौकर मित्र बरोबर आणावा. येथे वर्षे घालवूनही ज्यांच्या घरी या शहराचा एकही माणूस जेवलेला नाही, अशी कुटुंबे आपल्यात असल्यास ती उणीव भरून निघेल. ज्येष्ठ महिन्यातील 'बडा मंगल'च्या दिवशी हे शहर रस्त्यारस्त्यावर मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्याला पुरी-भाजी आणि सरबत देते, कोणाचेही नावगाव विचारीत नाही. मग वर्षातून बारा संध्याकाळी आपणही ते करावयास हरकत नसावी. कॉफी हाऊसातील त्या प्रसिद्ध मेजांवर स्त्रिया क्वचितच दिसत. आपल्या या मेजावर त्या असाव्यात, आणि केवळ वाढण्यासाठी नसाव्यात. आळीपाळीने पुरुषांनी वाढावे. मी पहिल्या महिन्याच्या वाढप्यांत माझे नाव आताच नोंदवितो.

आणि एक नियम तेवढा लिखित असावा. जेवण झाल्यावर, वाहन असलेल्यांनी वाहन नसलेल्यांना घरी सोडावे. कोण कोणाबरोबर गेले याची वही ठेवावी. आणि शेवटचा माणूस पोचल्याचा निरोप येईपर्यंत चिटणीसांनी दिवा मालवू नये. सरकारी माणसाला वहीखेरीज काही सुचत नाही, असे आपण म्हणाल. म्हणा, पण वही ठेवा.

 स्वयंपाकघरातून निरोप दुसऱ्यांदा आला आहे, आणि उडदाच्या डाळीची गोष्ट मीच आपल्याला सांगितली आहे. तेव्हा उठू या, आणि बसताना शेजारी थोडी जागा ठेवू या.